लवकर बरा होणारा पेशंट

रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. कंबर हल्ली वाकू देत नाही, पण कागदावर वाकायला काय जातं.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. कारणं पुष्कळ आहेत. आधी चष्म्याची काडी मोडली, ती दोऱ्याने बांधून बरेच दिवस काढले. मग उजव्या हाताचा अंगठा आखडला. मग वाटलं, थंडी पडली की निवांत लिहू, कारण थंडीत माझं बाहेर पडणं होत नाही. थंडी पडली आणि बाहेर पडणंच वाढलं, ते का ते पुढे सांगतो. फोनचं म्हणशील तर त्याचं काही खरं नाही, कधी लागतो, कधी लागत नाही. तू आता दवाखान्यातून घरी आली असशील, खिडकीपाशी पाय वर घेऊन बसली असशील आणि हे वाचत असशील, असं धरून लिहितो आहे. दुसरं काही धरून मला लिहिता येत नाही.

माझं ठीक आहे. खातो, झोपतो. घराबाहेर पडताना गॅसचं बटण बघतो, जिना उतरतो, पुन्हा चढून बटण बघतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, भागूबाई, घराला पेटायचं असेल तर ते तुला विचारून पेटणार नाही. मला तुझ्या आवाजात ते ऐकू येतं, तरी मी चढतोच.

त्या चढण्याउतरण्यातूनच सगळं झालं. आमच्या खालच्या मजल्यावरची नर्सबाई तुला आठवेल. तू आली होतीस तेव्हा जिन्यात तुझी पिशवी तिने धरली होती आणि तू तिला म्हणाली होतीस, माझ्या भावाकडे लक्ष ठेव, तो स्वतःच्या सावलीला वाट देतो. तर तिने मला एका सकाळी तिसऱ्यांदा वर जाताना पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, एवढी काळजी तुम्ही रोज फुकट घालवता. आमच्याकडे ती कामाला येईल."

मला वाटलं थट्टा करते. पण बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, तिच्या दवाखान्याशेजारच्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत खरंच तसं काम निघालं. तिथे मनाचा आजार बोलून बरा करायला शिकवतात. माझ्यासारख्या चार इयत्ता शिकलेल्याला जेवढं कळलं तेवढं सांगतो. माणसाच्या मनात एक विचार येतो, तो खराच आहे असं माणूस धरून चालतो, आणि तिथून पुढे सगळा घोळ होतो. तर त्या विचाराचा कान धरून त्याला विचारायचं, बाबा रे, तुझ्याकडे पुरावा काय? मग पेशंटला घरी करायला एखादं छोटं काम द्यायचं, म्हणजे विचार खरा होता की नुसता ओरडत होता ते त्याचं त्यालाच दिसतं. ऐकायला सोपं आहे. करायला मात्र शिकलेली मुलंसुद्धा घामाघूम होतात.

ही मुलं खऱ्या पेशंटपुढे बसण्याआधी आमच्यासारख्यांवर हात बसवतात. न्हाव्याकडे नवा माणूस आला की आधी म्हाताऱ्यांची दाढी त्याच्या हाती देतात ना, तसं. आम्ही पेशंट व्हायचं. कोणता आजार ते आधी समजावून सांगतात. मला जो आजार दिला तो ऐकून तुला हसू येईल. मला जिन्याची भीती दिली. म्हणे जिना चढलो की माझं हृदय बंद पडेल असं मला वाटतं, डॉक्टरांनी ठणठणीत सांगूनही वाटतं. सगळा जन्म लिफ्ट चालवण्यात गेला त्या माणसाला जिन्याची भीती. मी म्हटलं, हे तर माझ्या पोटापाण्याचंच होतं, सगळ्यांना जिन्याची भीती असती तर मला बढती मिळाली असती.

लिफ्टवरून आठवलं. तू एकदा माझ्या कामावर आली होतीस. तुझ्या अंगावर ती निळी शाल होती. मला म्हणालीस, सगळ्यात वर काय आहे? मी म्हटलं, काही नाही, कचेरी आहे. तरी चल म्हणालीस. वर गेलो, दार उघडलं, तू बाहेर डोकावलीस आणि म्हणालीस, खरंच काही नाही, चल खाली. मग पुन्हा वर. त्या सकाळी साहेब लोक चढत होते, उतरत होते, आणि तू कोपऱ्यात तिकीट काढून बसल्यासारखी ऐटीत उभी होतीस. एकाने विचारलं, बाईंना कितव्या मजल्यावर जायचंय? तू म्हणालीस, मला भावाकडे जायचं होतं, मी पोचले. त्यानंतर त्या लिफ्टमध्ये मी कितीतरी वर्षं उभा राहिलो, पण त्या कोपऱ्यात कुणी गर्दीत घुसलं की मला उगाच राग यायचा.

असो. अंगठा दुखायला लागला. बाकीचं उद्या लिहितो.

सोमवार

काल कुठवर आलो होतो ते वाचून पाहिलं. जिन्याच्या भीतीपाशी होतो.

माझ्यासमोर पहिल्यांदा एक उंच मुलगा बसला. त्याला बाकीचे शिडी म्हणतात. कागदपत्रांत त्याचं नाव काही वेगळं असेल, पण तो स्वतःही शिडी म्हटल्यावरच वळून बघतो. त्याने मला विचारलं, जिना चढताना तुमच्या मनात नेमकं काय येतं? विचारताना तो पुन्हा पुन्हा वहीतल्या ओळीवर बोट ठेवत होता, कपाळावर घाम होता. कोपऱ्यात त्यांच्या मोठ्या बाई बसल्या होत्या, सगळं बघत. ताई, मला त्याची इतकी दया आली. मी म्हटलं, "आता तुम्ही असं विचारल्यावर मलाच वाटतं, काही होणार नाही. डॉक्टर काय खोटं बोलतील?" आणि त्याचा चेहरा असा सुटला, की काय सांगू. वरच्या मजल्यावर साहेबाचं बोलावणं आलेला माणूस नोकरी शाबूत घेऊन खाली उतरायचा, तेव्हा लिफ्टमध्ये त्याचा चेहरा असाच व्हायचा.

मग मला तो नादच लागला. जो कुणी समोर बसेल त्याच्यासाठी मी बरा होऊ लागलो. कुणी पुरावा विचारला की मी बरा. कुणी म्हटलं दोन पायऱ्या चढून बघा, की पुढच्या खेपेला मी म्हणायचो, दोन काय, गच्चीपर्यंत जाऊन आलो. माणसाला हव्या त्या मजल्यावर सोडायची जन्माची सवय. मुलं माझ्यावर खूश होती. नर्सबाई म्हणाली, आजोबा, तुमच्यासमोर बसायला रांग आहे. मी मनात म्हटलं, ताईला कळवायला हवं. तेव्हा कळवलं असतं तर बरं झालं असतं.

आता त्या बाईंचं सांगतो. उंचीला बेताच्या, आवाज खर्जातला, चष्मा गळ्यात दोरीने बांधलेला. दर शनिवारी त्या मुलांना विचारायच्या, मी जे शिकवते त्यातलं काय उपयोगी पडलं, काय वाया गेलं, ते सांगा, म्हणजे पुढचं शिकवणं मला बदलता येईल. आता शिकवणाऱ्याच्या तोंडावर कोण बोलणार? सगळे म्हणायचे, छान आहे. बाई म्हणायच्या, छान या शब्दाने माझं काहीच सुधारत नाही. चिठ्ठ्या लिहून घ्याव्यात तर वर्ग एवढासा, अक्षर ओळखू येतं. मग त्यांनी एक नवीनच पद्धत काढली. शनिवारी त्या स्वतः उठून अंगणातल्या बाकावर जाऊन बसायच्या. मुलांनी काय सांगायचं ते मला सांगायचं, आणि मी बाहेर जाऊन बाईंना सांगायचं, कुणी म्हटलं ते न सांगता. मी कुणाला मार्क देत नाही, कुणाचा वरिष्ठ नाही, मला सगळे आजोबा म्हणतात, म्हणून निरोप्या मी.

आणि तू डोक्याला हात लावशील हे मला ठाऊक आहे. या कामाला त्यांनी जगात नेमकी भागूबाई शोधून काढली.

मुलं म्हणायची, व्याख्यानं फार लांबतात, डोळे मिटतात. मी दारापासून बाकापर्यंत चालत जायचो. अंगण काही मोठं नाही, पण तेवढ्यात माझ्या तोंडात त्या वाक्याचं काहीतरी होऊन जायचं. बाई वर बघायच्या, आणि मी म्हणायचो, व्याख्यानं फार सविस्तर असतात म्हणतात. मुलं म्हणायची, आमचं चुकलं की बाई मधेच तोडतात, मग पुढचं सुचत नाही. मी म्हणायचो, बाईंचं बारीक लक्ष असतं म्हणतात. बाई मान हलवायच्या. मी चहा घेऊन घरी. सगळे आनंदात.

मग एका शनिवारी चष्मेवाली बोलली. ही वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी, जाड भिंगांची. त्या मुलांना तेव्हा शेजारच्या दवाखान्यात खऱ्या पेशंटपुढे बसवायला सुरुवात झाली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, राग मानू नका, पण हे तुमच्याबद्दलच आहे. तुम्ही फार लवकर बरे होता."

दवाखान्यात तिच्यासमोर एक बाई आली होती. हिने शिकल्याप्रमाणे सगळं विचारलं. ती बाई म्हणाली, तुला काय कळणार, आणि भिंतीकडे तोंड करून बसली. वेळ संपेपर्यंत तशीच. चष्मेवाली म्हणाली, आम्हाला फक्त बरं होणाऱ्या माणसाशी बोलता येतं. जो बरा होत नाही त्याच्यासमोर काय करायचं ते आम्ही कधी केलेलंच नाही, कारण आजोबा आम्हाला कधी अडूच देत नाहीत. हे बाईंना सांगा.

मी अंगणात गेलो. बाई म्हणाल्या, काय म्हणतात? मी म्हटलं, मुलांना चांगला आत्मविश्वास आलाय.

पुढच्या शनिवारी बाई वर्गात आल्या आणि मोठ्या उत्साहाने म्हणाल्या, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी बदल केला आहे, व्याख्यानं आणखी सविस्तर करणार आहे.  मग सगळी तोंडं एकदम माझ्याकडे वळली. शिडी हळूच म्हणाला, "आजोबा, निरोप पोचवायला दिला होता, वाटेत शिजवायला नव्हता."

बाई मला अंगणात घेऊन गेल्या. मला वाटलं, संपलं. टोपी कुठे ठेवली आहे ते मी आठवू लागलो. त्यांनी मला बाकावर बसवलं आणि विचारलं, मुलं खरं काय म्हणत होती? मी सांगितलं, व्याख्यानांपासून माझ्या बरं होण्यापर्यंत सगळं. मग त्यांनी विचारलं, हे तेव्हाच सांगायला कसली भीती वाटली? मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "वाटलं असतंच. मग?"

ताई, मग काय, याचा मी आयुष्यात विचारच केला नव्हता. वाईट वाटेल इथे माझी लिफ्ट बंद पडते, तिच्यावर मजले आहेत हेच मला माहीत नव्हतं. बाई म्हणाल्या, मला वाईट वाटलं तरी मी उद्या कामावर येणारच आहे. पण मला खरं कळलं नाही तर ही मुलं दवाखान्यात उघडी पडतात, आणि त्यांच्यासमोर बसलेली माणसं त्यांच्याहून जास्त. मला त्यांनी काढलं नाही. निरोप्याही मीच राहिलो, फक्त म्हणाल्या, आता चालताना तोंड मिटून चाला.

मग त्यांनी बरंच बदललं. व्याख्यान अर्ध्यावर आणलं, सराव वाढवला, मधेच तोडायचं बंद केलं. त्या ओठ घट्ट दाबून बसतात, तेव्हा बघवत नाही. आणि आम्हा पेशंट लोकांचे बनवलेले आजार काढून घेतले. प्रत्येकाने स्वतःची एखादी खरी काळजी आणायची. फार मोठी नाही, पेलेल एवढी. आणि खरंच जेवढं बरं वाटेल तेवढंच बरं व्हायचं, रतीभरही जास्त नाही.

मी ठरवलं, गॅसचं बटण न्यायचं. ती काळजी घरात पडूनच होती.

मंगळवार

आज सकाळपासून कागद समोर ठेवून बसलो आहे. दोनदा उठून गॅस बघितला, आणि आज गॅस लावलेलाच नाही.

माझ्यासमोर चष्मेवाली आली. मी बटणाचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मधे मधे हसत होती, कारण तुझी वाक्यंही मी सांगत होतो. इतक्यात माझ्या खिशात फोन वाजला. मी तो बाहेर काढला नाही. खिशावर हात दाबून धरला, वाजायचा थांबेपर्यंत. ती म्हणाली, घ्या की, महत्त्वाचा असेल. मी म्हटलं, नाही नाही, कुणी असेल. ती माझ्या हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, बटणाचं राहू दे. फोनचं सांगा."

ताई, फोन ठणठणीत आहे. वर मी काहीतरी लिहिलं आहे ते खोडत नाही, राहू दे.

तुझ्या सुनेने निरोप पाठवला होता, तुला दवाखान्यात ठेवलंय, काळजी करू नका, पुढचं कळवतो. त्या दिवशी मी दिवसभर घरात फिरत राहिलो. त्यानंतर त्यांच्याकडून फोन आला. आला म्हणजे वाजला. मी तो उशीखाली ठेवला आणि उशीवर हात ठेवून बसलो. पुन्हा एकदा वाजला, काही दिवसांनी. मग वाजणं थांबलं. त्यांना वाटलं असेल, मामा कुठे गेले, की रागावले. कदाचित ते तू घरी आलीस हेच सांगत असतील. कदाचित तूच लावला असशील, भागूबाई, उचल की, म्हणून. हे सगळं मला उशीवर हात ठेवून बसलो असतानाही कळत होतं. त्या दिवशी वर्गात वाजला तो फोन तर दुसऱ्याच कुणाचा होता, नंतर नर्सबाईकडून तो तपासून घेतला.

चष्मेवालीने विचारलं, ताई बरी नाही याचा पुरावा आहे? मी म्हटलं, नाही. बरी आहे याचा? मी म्हटलं, तोही नाही. मग एक फोन लावून बघता येईल, ती म्हणाली. मी म्हटलं, येईल. तिने पेन हातात घेतलं, घरचं काम लिहून द्यायला. पण लिहिलं नाही. मला म्हणाली, "आजोबा, न विचारण्यातून तुम्हाला काय मिळतं?"

मी म्हटलं, "ताई मिळते."

"म्हणजे?"

"विचारलं नाही तोवर ती आहे."

तिने पेन खाली ठेवलं. चष्मा काढला आणि पुसत बसली. तिला पुढचं काही सुचत नव्हतं ते मला दिसत होतं. तिचं कोवळं तोंड बघून माझ्या जिभेवर आलंच होतं, की पोरी, आता मला बरं वाटतंय. ते मी गिळलं. सोपं नव्हतं. वेळ संपला, खुर्च्या सरकल्या, आणि मी तिथून पहिल्यांदाच बरा न होता उठलो.

दारात तिने मला गाठलं. फोन लावा असं ती म्हणाली नाही. तिने एवढंच विचारलं, लहान असताना अशी भीती वाटली की तुम्ही काय करायचात?

मी तिला कपाटाचं सांगितलं.

बाबा ओझी उचलणाऱ्या यारीवर काम करायचे. वर, इतक्या उंच, की खालून बघताना आपली मान दुखायची. त्यांच्या कामाच्या वेळात दार वाजलं की मी कपाटामागे. शेजारीण पीठ मागायला आली तरी मी कपाटामागे. तू दार उघडायचीस, बोलणं ऐकायचीस, दार लावायचीस, आणि मग कपाटापाशी येऊन म्हणायचीस, "ये बाहेर, काही नाही." कधी वैतागून, कधी हसत, कधी तोंडात घास असताना. पण म्हटल्याशिवाय राहिली नाहीस. मला अक्षरं शिकवलीस तीही तिथेच. खिडकीच्या काचेवर वाफ धरली की तू बोटाने लिहायचीस आणि मी कपाटामागून वाचायचो. मी शाळेत टिकलो नाही, पण काचेवरचं अक्षर मला आजही लागतं.

आणि मग एक दिवस बाबांच्या कामावरचा मुकादम आला. त्याचा आवाज मला कपाटामागे ऐकू आला, शब्द कळले नाहीत. दार लागलं. तू लगेच आली नाहीस. मी वाट बघत होतो. तू आलीस आणि म्हणालीस, "ये बाहेर."

तेवढंच. पुढचं म्हणाली नाहीस. मला तिथेच कळलं. तरी मी बाहेर आलो, कारण तू हात पुढे केला होतास. तुझा हात गार होता. आपण दोघं आईला सांगायला गेलो.

हे मी चष्मेवालीला सांगितलं आणि सांगतानाच माझ्या ध्यानात आलं, ताई, की तू तेव्हा किती लहान होतीस. माझ्याहून थोडीशीच मोठी. तुलाही कुणीतरी कपाटामागे लपू द्यायला हवं होतं. तुलाही कुणीतरी हात धरून बाहेर घ्यायला हवं होतं. इतकी वर्षं मी माझ्याच भीतीत इतका गुंतलेला, की ते मला या वयात सुचलं. आता तू दवाखान्यात, की घरी, की कुठे, आणि तुझ्या खाटेपाशी बसून काही नाही, काही नाही म्हणायला मी नव्हतो. मी उशीवर हात ठेवून इथे बसलो होतो.

मला तुझी फार आठवण येते. हे आधीच लिहायला हवं होतं, पहिल्या ओळीत.

शनिवारी बाई बाकावर जाऊन बसल्या. चष्मेवाली सगळ्यांसमोर बोलली, आणि मी तोंड मिटून चालत गेलो आणि तिचं म्हणणं शब्दाला शब्द ठेवलं. म्हटलं, "बाई, मुलं म्हणतात, पुरावा कसा मागायचा ते तुम्ही शिकवलंत. जिथे पुरावा मागून उपयोग नाही, जिथे भीती खरीही निघू शकते, तिथे समोर कसं बसायचं ते शिकवलं नाहीत."

बाईंना वाईट वाटलं. मला ते दिसलं, त्यांच्या मानेपाशी. मी उभा राहिलो, पळालो नाही. बाईंनी चष्मा काढून गळ्यात सोडला. मग म्हणाल्या, बरोबर आहे. ते मलाही नीट येत नाही. पण मुलांना यायला हवं. आत येऊन त्यांनी हेच मुलांसमोर सांगितलं. आता पुढच्या तुकडीसाठी शिकवण्यात एक नवीन भाग घालत आहेत. ज्याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही अशी काळजी घेऊन आलेल्या माणसाला घाईने बरं न करता त्याच्याबरोबर कसं चालायचं, असा काहीतरी. शिडी म्हणाला, त्यात आजोबांना नापास होणारा पेशंट म्हणून कायम ठेवा. मी म्हटलं, जमेल, आता सराव झालाय.

बुधवार

हे पत्र घरचा अभ्यास नाही, ताई. तो कुणी दिला नाही. मी स्वतः लिहितो आहे, म्हणून एवढा वेळ लागला.

आज सकाळी मी फोन उशीखालून काढून टेबलावर ठेवला आहे, उताणा, दिसेल असा. अजून लावलेला नाही. लावता आलेला नाही. पत्र हे दारावर हळू वाजवल्यासारखं असतं, तेवढं मला जमतं. पण वाजला तर उचलणार आहे. नर्सबाईला सांगून ठेवलंय, माझ्या घरातून फोन वाजताना ऐकू आला तर वर येऊन माझ्याजवळ उभी राहा. ती म्हणाली, गॅस बघायला येतेच की मी.

पाकीट सुनेने उघडलं असेल किंवा भाच्याने, तर मुलांनो, मामा रागावलेला नाही. तुम्ही दोनदा फोन केलात, माझ्यासारख्याला आठवण ठेवून केलात, हे मला फार आहे. जे काही असेल ते लिहा. गोड करून लिहू नका, ते काम मी पुष्कळ केलंय आणि त्याने कुणाचं भलं झालं नाही.

आणि ताई, पाकीट तूच उघडलं असशील तर फार काही लिहू नकोस, तुझ्याही हाताला त्रास नको. पुढचं दोन शब्दांचं "काही नाही" लिहिता आलं तर लिही. नसेल लिहिता येत तर ते गाळ, मी समजेन, मला मागेही समजलं होतं. पण आधीचे दोन शब्द मात्र लिही. थरथरत्या अक्षरात लिही, कुणाच्या हातून लिहून घे, नुसते सांग आणि दुसऱ्या कुणाला लिहू दे. ते आले की मी येईन, जिथे असशील तिथे, बस बदलत बदलत येईन, आणि या खेपेला हात मी पुढे करीन.

फक्त लवकर कळव. इथे मागे फार अंधार आहे, आणि मी आता लपण्याच्या वयाचा राहिलो नाही.

कपाटामागून,
तुझी भागूबाई